नुमलिंग ते थांगरू : अठ्ठावीस मिनिटं

"काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

मी नुकताच बाहेरून आलो होतो. बुटांवरचा बर्फ झटकायचंही सुचलं नव्हतं. अण्णा बोऱ्हाडे लाकडं जाळायच्या बुखारीशेजारच्या खाटेवर उताणे पडले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, छातीपर्यंत दोन रजया आणि कान माझ्या पावलांकडे लागलेले. सकाळचे सात बत्तीस झाले होते.

"धावपट्टीचं टोक दिसतंय. सफेद्याची रांग दिसतेय. शाळेचं छप्पर दिसतंय."

"त्यापुढं?"

"चोर्तेन दिसतोय."

अण्णांनी डोळ्यांवरच्या पट्टीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मग पाठव."

मी धावतच वायरलेस सेटपाशी गेलो आणि नुमलिंगला कळवलं. थांगरू, साडेसातचा वेध, वारा नाही, दृश्यता पाच किलोमीटर. पलीकडून 'मिळालं' असं उत्तर आलं आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिथल्या तिथे दोन येरझाऱ्या घातल्या. माझे पाय तसेही एका जागी ठरत नसत. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात अण्णांनी माझं तेंडोलकर हे आडनाव मोडीत काढून मला भिंगरी म्हणायला सुरुवात केली होती.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. हवामानाचे वेध घेणारा कनिष्ठ निरीक्षक. वेंगुर्ल्याचा माणूस, समुद्राच्या पातळीवर जन्मलेला, आणि पहिलीच बदली अकरा हजार फुटांवर. थांगरूला दरीच्या तळाशी एक धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांचं आमचं ऑफिस, पलीकडे बर्फ उपसणाऱ्या जवानांची बराक आणि मैलभर अंतरावर गाव. एवढाच तो विमानतळ. आता फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणवेळ दोन्ही क्षणात समोर येतात. आमच्याकडे त्यासाठी भिंतीवर एक पाटी होती. कुणा हौशी पूर्वसुरीने पांढऱ्या रंगात लिहून ठेवलेलं: 'नुमलिंग – थांगरू. अंतर ११८ कि.मी. उड्डाणवेळ २८ मिनिटे.'

ती पाटी वाचून मला सुरुवातीला हसू यायचं. एकशे अठरा किलोमीटर म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याहून बेळगाव. पण उन्हाळ्यात तेवढ्यालाच खिंडीवरून जीपने दोन दिवस लागायचे आणि नोव्हेंबरात खिंड बंद झाली की एप्रिलपर्यंत रस्ता नावाची गोष्टच नसायची. मग उरायची ती अठ्ठावीस मिनिटं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तेही सकाळीच, कारण दहानंतर दरीत वारा सुटायचा. आणि तेही आम्ही 'दिसतंय' असं कळवलं तरच.

कारण विमानाला आमच्याकडे यायला एकच वाट होती. उड्डाणानंतर एकोणिसाव्या मिनिटाला ते एका अरुंद घळीत शिरायचं आणि तिथून थेट आमच्या दरीत उतरायचं. घळीत एकदा शिरलं की माघारी वळायला जागा नव्हती. म्हणून नियम असा की थांगरूहून पाच किलोमीटर दिसत असेल तरच विमानाने निघायचं.

किती दिसतंय हे मोजायला यंत्र नव्हतं. यंत्र म्हणजे आमचे डोळे. बाहेर दगडी ओट्यावर उभं राहायचं आणि ठरलेल्या खुणा शोधायच्या. धावपट्टीचं टोक नऊशे मीटर, सफेद्याच्या झाडांची रांग दोन किलोमीटर, शाळेचं पत्र्याचं छप्पर तीन, समोरच्या डोंगरसोंडेवरचा चोर्तेन पाच आणि काळा कडा आठ. चोर्तेन म्हणजे तिथल्या बौद्ध लोकांचा चुन्याने रंगवलेला स्तूप. जी शेवटची खूण दिसेल तेवढी दृश्यता. पोरखेळ वाटावा इतकं सोपं काम, आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यात नापास झालो होतो.

एका ढगाळ दुपारी मी आठ किलोमीटर लिहिलं. अण्णांनी रजिस्टर पाहिलं, मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि विचारलं, "कडा दिसला का तुला? की तिथं असतो म्हणून लिहिलास?" मी बघितलं तर कड्याचा पत्ता नव्हता. अण्णा रागावले नाहीत. "आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असतंय," ते म्हणाले. "त्यासाठी सरकार आपल्याला पगार देत नाही. दिसतंय तेवढंच लिहायचं." मग माझ्या नोंदीवर त्यांनी लाल पेन्सिलीने एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, कारण आमच्या रजिस्टरात खोडरबर चालत नाही. बाजूला नवा आकडा लिहायचा आणि ज्याने दुरुस्त केलं त्याने आद्याक्षरं टाकायची.

असे हे अण्णा. जुन्नरचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. खात्यात त्यांच्या नजरेची ख्याती होती, आणि त्यांचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता हे खात्यात कुणालाही माहीत नव्हतं. मला कळलं ते चहाच्या कपामुळे. डाव्या बाजूला ठेवलेला कप त्यांना हाताने चाचपावा लागे. मी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं. कळलं तर टेबलावर बसवतील, कारकुनी करायला लावतील, आणि आपल्याला ते जमणार नाही. एक डोळा वेधाला पुरतो, असं त्यांचं म्हणणं.

तो उरलेला डोळा बुधवारी संध्याकाळी दुखायला लागला. आधी त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मग कपाळ फुटेल असं दुखणं आणि ओकाऱ्या. गावातल्या दवाखान्याचा डॉक्टर आला, डोळ्यावर बोट दाबून बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाला की डोळा दगडासारखा कडक झालाय. आतला दाब गोळ्यांनी फार तर दोन दिवस आवरता येईल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नुमलिंगच्या डोळ्यांच्या सर्जनपुढे गेले तर ठीक, नाहीतर हाही डोळा गेला असं समजा. उजेड सोसत नव्हता म्हणून त्याने दोन्ही डोळे बांधून टाकले.

बुधवारचं विमान सकाळीच बर्फामुळे रद्द झालं होतं. गुरुवारी दिवसभर बर्फ पडत राहिला. त्या दिवशी मी किती वेळा ओट्यावर जाऊन आलो याची गणती नाही. दर तासाला एकदा जायचं, मी दर दहा मिनिटांनी जात होतो. अण्णा खाटेवरून म्हणायचे, "आरं, तू बघितलंस म्हणून ढग लाजून पळणार नाहीत. बस की जरा." मी बसायचो आणि पुन्हा उठायचो. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. आज नाही, उद्या. उद्या नाही तर सोमवार. आणि सोमवार म्हणजे आंधळेपण.

अण्णांना घरची ओढ होती, पण तिच्यात मुलाबाळांपेक्षा एका खिडकीचंच नाव जास्त यायचं. त्यांच्या जुन्नरच्या घरातून शिवनेरी समोर दिसतो. निवृत्त झाल्यावर पहाटे उठायचं, खिडकीत बसायचं आणि किल्ला बघायचा. कुणाला काही कळवायचं नाही. हे ते मला निदान पन्नासदा सांगून चुकले होते.

शुक्रवारी उजाडताना बर्फ थांबला. दरीत एक पांढुरकी धूसर हवा साचून राहिली होती. मी साडेसातला ओट्यावर गेलो. धावपट्टीचं टोक दिसलं. सफेद्याची रांग दिसली. शाळेचं छप्पर पुसट होतं, पण होतं. त्यापुढे सगळं पांढरं. मी डोळे बारीक केले, पुन्हा उघडले, श्वास रोखून धरला. आणि मग सोंडेच्या उजव्या अंगाला, जिथे असायचा तिथेच, तो दिसला. खालचा घुमट, वरचं निमुळतं टोक. छातीवर हात ठेवून आजही सांगेन की मला तो दिसला.

सात बावन्नला नुमलिंगहून निरोप आला की विमान सुटलं. एकोणीस प्रवासी आणि दोन वैमानिक. आठ वीसला आमच्याकडे.

मी अण्णांची पिशवी भरायला घेतली. लोकरीचे मोजे, डॉक्टरची चिठ्ठी, दाढीचं सामान. अण्णा एकेक वस्तू विचारत होते आणि मी हो म्हणत होतो. लाल पेन्सिल टाकलीस का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, इस्पितळात काय करणार तिचं? तर म्हणाले, डॉक्टरच्या कागदावर दुरुस्त्या करीन. दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो. खिडकीकडे माझी पाठ होती. खरं सांगायचं तर मी मुद्दामच तिकडे बघत नव्हतो.

आठ वाजून दोन मिनिटं झाली होती तेव्हा दार ढकलून टुंडुप आत आला. टुंडुप आमच्या ऑफिसचा शिपाई, पन्नाशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. त्याचं गाव त्या डोंगरसोंडेच्या पायथ्याशी. सोमवारपासून तो रजेवर होता आणि अण्णांच्या दुखण्याचं कळल्यावर भल्या पहाटे निघून गुडघाभर बर्फातून चालत आला होता, दह्याची बरणी पोटाशी धरून. त्याने बरणी बुखारीपाशी ठेवली आणि अण्णांच्या पायांना हात लावला. अण्णांनी नेहमीच्या सवयीने गावची खबर विचारली.

"सब ठीक है साब," टुंडुप म्हणाला. "बस, मंगल की रात ऊपर से बरफ आया. हमारा चोर्तेन गिर गया."

माझ्या हातात अण्णांचा स्वेटर होता. मी त्याची घडी घालत होतो, ती तशीच राहिली.

"पूरा?" अण्णांनी विचारलं.

"पूरा साब. एक पत्थर नहीं बचा. सब बरफ के नीचे है. गरमी में फिर बनाएँगे." एवढं सांगून तो बाहेर लाकडं आणायला गेला. त्याच्या दृष्टीने बातमी सांगून झाली होती.

बुधवार-गुरुवार बर्फात सफेद्याची रांगसुद्धा दिसत नव्हती. त्यामुळे चोर्तेन आहे की नाही हे बघायची वेळच आली नव्हती. घड्याळात आठ वाजून चार मिनिटं. विमान बारा मिनिटं हवेत होतं.

"साडेसातला काय दिसलं होतं तुला?" अण्णांचा आवाज अगदी साधा होता.

"चोर्तेन," मी म्हणालो. "अण्णा, शपथ घेऊन सांगतो, मला दिसला."

"दिसला असंल. डोळ्याला सवय असती. मागितलं की देतोय तो." ते कोपरावर उठून बसले. "बाहेर जा आणि बघून ये. आता काही मागू नको त्याच्याकडं."

मी गेलो. ओट्यापर्यंत वीस पावलं. शाळेचं छप्पर गेलं होतं. सफेद्याची रांगही गेली होती. जिथे झाडं असायची तिथे नुसता पिंजलेला कापूस, आणि तो धावपट्टीवरून आमच्याकडे सरकत होता. पट्टीचं टोक तेवढं कसंबसं दिसत होतं. नाकावर बर्फाचा पहिला कण पडला.

आत आलो तेव्हा घड्याळात आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. अण्णांनी विचारलं आणि मी पट्टीचं टोक सांगितलं. झाडं, त्यांनी विचारलं. मी स्वेटरची राहिलेली घडी घालायला लागलो.

"झाडं, भिंगरी?"

"नाही."

"मग कळव त्यांना. घळीला पाच मिनिटं आहेत."

मी सेटपाशी गेलो. हात पुढे केला की बटण. पण माझा हात पुढे होईना. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकवीस माणसं नव्हती, मला फक्त अण्णांच्या डोळ्यांवरची ती पांढरी पट्टी दिसत होती. मी बोलायला लागलो. वैमानिक जुना आहे, तो स्वतः बघेल. घळीच्या तोंडाशी काही दिसलं नाही तर आपणहून वळेल. पंधरा मिनिटांत हवा निवळेल, तशी ती बऱ्याचदा निवळते. आज विमान परत गेलं तर सोमवारशिवाय नाही. मी एकामागून एक सांगत सुटलो. अण्णांनी मला एकदाही अडवलं नाही.

माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "सोमवारचं मला ठाऊक आहे, लेका."

आणि ते उठले. भिंतीला हात लावला, दोन पावलं, मग टेबलाची कड, मग माझा खांदा. माझा खांदा त्यांनी हळूच बाजूला सारला. नऊ वर्षं त्यांनी तो सेट वापरला होता. पट्टी असो नसो, बटण त्यांच्या बोटांना बरोबर सापडलं. मी त्यांना मदत केली नाही आणि अडवलंही नाही. नुसता उभा राहिलो. आयुष्यभर एका जागी न ठरणारा मी, तेवढा एकच वेळ खिळल्यासारखा उभा होतो.

"थांगरू," अण्णा बोलले. "आठ वाजून आठ मिनिटं. दृश्यता नऊशे मीटर, कमी होतेय. साडेसातचा वेध चुकीचा होता. विमान घळीत शिरू देऊ नका. परत न्या."

खरखर झाली. मग पलीकडून विचारलं गेलं की वेध कुणी घेतला, निरीक्षकाचं नाव काय.

"तेंडोलकर," अण्णा म्हणाले.

आठ वाजून दहा मिनिटांनी नुमलिंगहून उत्तर आलं की विमान वळलं आहे. एक मिनिट शिल्लक होतं. अण्णांनी बटण सोडलं आणि टेबलाला धरून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी त्यांना खाटेकडे नेऊ लागलो तर म्हणाले, आधी रजिस्टर आण.

मी रजिस्टर उघडून त्यांचं बोट साडेसातच्या ओळीवर टेकवलं. पिशवीतून लाल पेन्सिल काढून दिली. त्यांनी माझ्या पाचाच्या आकड्यावर रेघ मारली, जरा तिरकी गेली. बाजूला नवा आकडा लिहिला, वेळ लिहिली आणि खाली आद्याक्षरं टाकली. मी वाचलं. त्यांनी 'ना. बो.' लिहिलं नव्हतं. 'र. तें.' लिहिलं होतं.

"अण्णा, हे तुम्ही..."

"गप. ज्यानं चूक केली त्यानंच ती धरली तर खातं पाठ थोपटतंय. दुसऱ्यानं धरली तर चौकशी बसवतंय. तुला अजून तीस वर्षं नोकरी काढायचीय."

दिसलं तेवढंच लिहायचं म्हणणाऱ्या त्या माणसाने सगळ्या नोकरीत रजिस्टरात एकच खोटी गोष्ट लिहिली, ती माझ्यासाठी. मला रडू फुटलं. त्यांनी ते ऐकलं असणार, पण पेन्सिल माझ्या हातात देऊन ते भिंतीच्या आधाराने खाटेकडे निघून गेले.

आठ वीसला मी धावपट्टीवर गेलो. विमान आलं असतं ती वेळ. मला माझेच हात नीट दिसत नव्हते. जवान बर्फ उपसायचं थांबवून बराकीत शिरले होते. आवाज कसलाच नव्हता. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. टुंडुप मला शोधत आला आणि कोपराला धरून आत घेऊन गेला.

रविवारपर्यंत बर्फ पडला. सोमवारी लख्ख ऊन पडलं, काळा कडासुद्धा हात लावावा इतका स्वच्छ दिसत होता. विमान आलं आणि अण्णांना घेऊन गेलं. चढताना त्यांनी मला विचारलं की आज किती दिसतंय. मी सांगितलं, आठाच्या वर. ते म्हणाले, वा. पंधरा दिवसांनी नुमलिंगहून कळलं की डोळा वाचला नाही.

तीन महिन्यांनी मला वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. प्रसंगावधान राखून आपल्याच वेधातली चूक वेळीच दुरुस्त केल्याबद्दल श्री. र. शं. तेंडोलकर यांचं अभिनंदन. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही. बायकोलाही नाही. दर बदलीला ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी गावोगाव फिरलं.

अण्णांना भेटायला जायचं धाडस मला तेरा वर्षं झालं नाही. दिवाळीला शुभेच्छापत्र पाठवायचो, त्यांच्या मुलाच्या अक्षरात उत्तर यायचं, शेवटी 'भिंगरी एके ठिकाणी बसतो का?' एवढी चौकशी. मग माझी पुण्याला बदली झाली आणि लांब असण्याची सबब संपली. तरी त्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या श्रावणात मी एका संध्याकाळी ते पत्र खिशात घालून जुन्नरच्या गाडीत बसलो. ठरवलं होतं की घरच्यांसमोर ते वाचायचं आणि खरं काय झालं ते सांगून टाकायचं. पण काकूंनी जेवायला वाढलं, अण्णांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून 'टक्कल पडलं की रं' म्हटलं, आणि त्या संध्याकाळी माझं तोंड उघडलंच नाही.

सकाळी साडेसातला मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. अण्णा खिडकीत खुर्चीवर बसले होते. अंगावर शाल, चेहरा बाहेर वळवलेला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "शिवनेरी दिसतोय का गं?"

"दिसतोय की, अगदी छान दिसतोय," आतून काकूंनी सांगितलं, पोळी लाटता लाटता. सून मला हळूच म्हणाली की रोज विचारतात, आणि आम्ही रोज हो म्हणतो. तेवढंच त्यांना बरं वाटतं.

"भिंगरी," अण्णा म्हणाले, "तू बघून सांग."

मी खिडकीपाशी गेलो. समोरची गल्ली दिसत होती. गल्लीच्या टोकाचा कडुनिंब, त्यापलीकडे पाण्याची टाकी. टाकीच्या पुढे सगळं पांढरं. मी बघत राहिलो. किल्ला तिथेच होता, काल संध्याकाळी गाडीतून उतरताना मी तो पाहिला होता. बघता बघता त्या पांढऱ्यात त्याची कड उमटायला लागली, उतार, माथा, सगळं जिथल्या तिथे. मी डोळे मिटले. पुन्हा उघडले आणि काहीही न मागता बघितलं.

"नाही दिसत, अण्णा."

आतलं लाटणं थांबलं. काकू दारात येऊन माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, असं सांगू नका म्हणून.

अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "इतकी वर्षं झाली, रोज दिसतोय लेका," ते म्हणाले. "आषाढातल्या झडीतसुद्धा दिसतोय. शेवटची खूण कुठली?"

"पाण्याची टाकी."

"वेळ?"

"सात छत्तीस."

"मग लिहून ठेव की. बघत काय बसलास?"

खिशात दुसरा कागद नव्हता. मी ते पत्र काढलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: सात छत्तीस, पाण्याच्या टाकीपर्यंत, शिवनेरी दिसत नाही. अण्णांनी हात पुढे केला तसा मी कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवून त्यांचं बोट त्या ओळीवर टेकवलं. मग मीच खाली आद्याक्षरं टाकली, माझी नाही, त्यांची. ना. बो.